असं घरी सांगितलंय

शमीम,

तुझी पाचवी काल माझ्या सहावीच्या वर्गात आणून बसवली. नवीन शिक्षक मिळेपर्यंत जोडवर्ग चालवा, असं हेडसर म्हणाले. तुझी पोरं दप्तरं घेऊन रांगेनं आली, चपला बाहेर सरळ लावल्या आणि एकानंही जागेवरून भांडण केलं नाही. माझ्या वर्गात एवढी शांतता कधी नसते, तुला माहीत आहे. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत उभी राहिले, बराच वेळ.

तुला जाऊन बारा दिवस झाले. श्रद्धांजलीच्या फलकावर लावायला हेडसरांना तुझी माहिती हवी होती, जन्म कुठला, डीएड कुठलं, रुजू कधी. सेवापुस्तकात आहे, तिथून उतरवून घ्या, म्हटलं मी. उतरवून घेणं हे खरं तर माझंच काम, तूच म्हणायचीस. पण या वेळी हात चालेना. मला तुझ्याशी आपलं जुनं भांडण पुरं करायचं आहे. पुरं कसलं, तू जिंकलीस एवढंच सांगायचं आहे, आणि ते ऐकायला तू नाहीस. कुणापुढं जाऊन कबूल करू मी? बारा दिवस जीव नुसता तडफडतोय.

आधी तबस्सुमचं सांगते. त्या गुरुवारी दुपारी मी तुझ्या घरी पोचले, तेव्हा तुझी लेक बायकांच्या मध्ये भिंतीला टेकून बसली होती. तीन आठवड्यांवर तिचा निकाह. पलंगाखाली कपड्यांचे खोके रचलेले होते, त्यावर कुणीतरी घाईनं चादर टाकली होती. बायका कब्रस्तानात जात नाहीत, तेव्हा तुला नेलं ते मी दारातून पाहिलं, तेवढंच. मग तबस्सुमनं माझा हात धरला.

"खाला, अम्मी तुमकू कुछ बोले थे क्या? डॉक्टर बोलते, सोमवारकू ॲडमिट हो जाव बोले थे उनकू. साथ में किसी कू लाव बोले थे. घर में किसी कू बोलेच नै अम्मी."

सोमवार हा शब्द ऐकला मात्र, मला सगळं एकदम कळलं. आणि मी म्हणाले, "नाही गं. मला कुठं काय बोलली ती."

शमीम, घरातला लोबानचा धूर अजून गेला नव्हता आणि मी तुझ्या मुलीशी खोटं बोलले. त्यानंतर दोनदा तिचा फोन आला, दोन्ही वेळा तिनं तेच विचारलं. अम्मीनं कुणाला तरी सांगितलं असेल, एकटीनं एवढं पोटात ठेवणारी ती नव्हती, असं तिचं म्हणणं. पोरगी बरोबर बोलत होती. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.

आता भांडणाचं. एकोणीस वर्षं आपण एका शाळेत. त्यातली निम्मी तरी मी तुझ्या स्कूटीवर मागं बसून काढली, सोलापुरातून निघायचं, मंद्रूपच्या पुढं जायचं, संध्याकाळी परत. एवढ्या वर्षांत आपण साडीवरून भांडलो नाही, सासरवरून नाही, बदलीवरून नाही. भांडलो ते उताऱ्यावरून. उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. बस्स, एवढ्यावरून.

माझी पद्धत अख्ख्या केंद्राला पाठ होती. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातल्या मोठ्या शब्दाखाली रेघ मारायची. तोच शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की ते वाक्य उचलायचं आणि उत्तर म्हणून लिहायचं. पोरांच्या घरी कन्नड, मराठी फक्त शाळेत. त्यांना पास होऊ दे की आधी, असं माझं म्हणणं. आणि व्हायची ती पास, पैकीच्या पैकी. केंद्रप्रमुख माझ्या वह्या दुसऱ्या शाळांत दाखवायला न्यायचे, आणि मी वर "राहू द्या हो सर" म्हणायची, पण वह्या कव्हर घालून तयार ठेवलेल्या असायच्या.

तू मात्र एका उताऱ्यावर दोन दोन दिवस बसायचीस. "हे कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? आणि काय बोलायचं टाळतंय?" तुझे तीन प्रश्न. मी दारातून जाता-येता ऐकायची आणि मला हसू यायचं. टाळतंय हा काय प्रश्न झाला? चाचणीत येतो का तो? त्याला गुण किती? "अगं बाई, तुझी पोरं सहावीत माझ्याकडे येतात," मी म्हणायची, "प्रत्येक वाक्याला थांबतात. अर्धा पेपर कोरा ठेवतात." तू म्हणायचीस, "थांबतात ना? थांबू दे की."

आणि तो टिमक्या. आठवतो? मी प्रशिक्षणाला गेले होते आणि तू माझ्या सहावीवर तास घेतलास. परत आले तर स्टाफरूममध्ये तू वह्यांचा गठ्ठा पुढं ठेवून एकटीच हसत होतीस. तू पोरांना स्वतः लिहिलेला उतारा दिला होतास. "कुरळ्या झिपणीत टिमक्याने दोन भंडुळे चिंबवले. त्यामुळे गवारी फुळकली." खाली प्रश्न. टिमक्याने किती भंडुळे चिंबवले? दोन. कुठे चिंबवले? कुरळ्या झिपणीत. गवारी का फुळकली? कारण टिमक्याने दोन भंडुळे चिंबवले. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी! एकाही पोरानं हात वर करून विचारलं नाही की बाई, भंडुळे म्हणजे काय. तू डोळे पुसत म्हणालीस, "सुनंदे, तुझा वर्ग हुशार आहे हां. भंडुळ्याला पण सोडलं नाही." मी तुला वहीनं मारलं, आणि दोघींनी हसून हसून चहा सांडला. घरी गेल्यावर मात्र मला राग आला. दोन दिवस मी बसने आले.

त्या रागातच ते तोंडून गेलं होतं. आता माफी मागते, पण तेव्हा नाही मागितली, हेही खरं. तिसऱ्या दिवशी स्कूटीवर तू परत टिमक्याचं काढलंस, आणि मी मागून म्हणाले, "तुला प्रत्येक शब्द उलटासुलटा करून बघायची सवय आहे, कारण मराठी तुझ्या घरची नाही. आम्हाला नाही लागत तेवढं बघायला." स्कूटीचा वेग जरा कमी झाला. विंचूरचा फाटा आला. मग म्हणालीस, "खरं आहे. माझ्या घरची नाही म्हणून मी वाचते. तुझ्या घरची आहे म्हणून तू नुसती नजर फिरवतेस." त्यात राग नव्हता. दुपारी डब्यातली शेंगाचटणी तू नेहमीसारखी माझ्या पोळीवर वाढलीस. मला वाटलं मिटलं. माफीचं आज-उद्या करता करता चार वर्षं गेली, आणि नाकावरचा राग माझ्या नाकावरच राहिला.

आता तो शनिवार. सकाळची शाळा सुटताना तू म्हणालीस, छातीत जळजळतंय आठवडाभर, ॲसिडिटी असेल, दाखवून येते. मी म्हटलं, लग्नघरातलं तळण कमी खा. तू हसलीस आणि गेलीस. संध्याकाळी आमच्या गल्लीत पाणी आलं. पाण्याच्या वेळी काय असतं ते तुला सांगायला नको, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, मोटर चालू, पिंप, बादल्या, पातेली, सगळं घर नळाभोवती. त्यात फोन वाजला. ओल्या हातानं उघडला. तुझा मेसेज.

"दवाखान्यात जाऊन आले. काळजीचं काही नाही, असं घरी सांगितलंय. सोमवारी तुला रजा टाकता येईल का? नाही जमलं तरी चालेल."

आणि मी काय केलं? जे मी वीस वर्षं पोरांना शिकवलं तेच केलं. मनात प्रश्न होता, शमीमला काय झालं. उत्तराचं वाक्य सापडलं, काळजीचं काही नाही. त्याखाली रेघ मारली आणि पुढचे तीन शब्द सोडून दिले. सोमवारी रजा? निकाह जवळ आलाय, म्हणजे खरेदी. झालं उत्तर तयार. मी लिहिलं, "बरं झालं! सोमवारी केंद्रप्रमुख येणारेत, माहितीये ना? खरेदीला पुढच्या शनिवारी जाऊ." खाली हसरा चेहरा टाकला. फोन खिडकीत ठेवला आणि बादली सरकवली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. उतारा कसा वाचावा हे मी अख्ख्या केंद्राला शिकवत होते, शमीम, आणि मला चार वाक्यांचा तुझा मेसेज वाचता आला नाही.

सोमवारी तू शाळेत नव्हतीस. केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या दिवशी तू रजेवर! एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. तरी मला शंका आली नाही. उलट मी हेडसरांना म्हणाले, लग्नघर आहे, काय विचारता. माझी पोरं फाडफाड उत्तरं देत होती, मी हवेत होते. मंगळवारी तू आलीस. चेहरा उतरला होता तुझा. मी दप्तर काढता काढताच विचारलं, "काय, झाली का खरेदी?" तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ बघितलंस, हे आता वाटतंय, तेव्हा नाही वाटलं. "होईल गं," म्हणालीस आणि हजेरी घेऊन वर्गावर गेलीस. बुधवारी आपण दोघींनी पाचवीच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स लावल्या. त्या वेळी तरी का नाही बोललीस? का नाही माझ्या अंगावर ओरडलीस, की सुनंदे, मूर्ख बाई, वाच ना नीट! तुला तर ओरडता येत होतं. गुरुवारी सकाळी तू नमाजच्या जागेवरच पडलीस.

रोज तुझ्यावर चिडते मी. एवढी मोठी गोष्ट माणूस अशी आडून सांगतं का? मग आठवतं की आडून नव्हती सांगितली. सरळ, मराठीत, पूर्णविरामासकट लिहिली होती.

आज उजळणी होती. पुढच्या आठवड्यात चाचणी, तेव्हा हेडसर म्हणाले, शमीमबाईंच्या पोरांची आकलनाची उजळणी करून घ्या, ती मागं आहेत. मी झेरॉक्स वाटल्या आणि सवयीनं सुरू केलं, "प्रश्नातला मोठा शब्द शोधा, त्याखाली रेघ मारा." माझ्या सहावीच्या पेन्सिली लगेच चालू लागल्या. तुझी पाचवी तशीच बसून राहिली. तिसऱ्या बाकावरची महादेवी, ती दोन वेण्यांची, उभी राहिली.

"बाई, आदी कोण बोलतंय त्ये सांगा की."

शमीम, तू बारा दिवस मातीत आहेस आणि तुझा प्रश्न तिसऱ्या बाकावरून उभा राहिला. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. मी काय करतेय हे मला नीट कळत नव्हतं. मी फळा पुसला आणि तुझा मेसेज लिहिला, अक्षर न् अक्षर. बारा दिवसांत तो माझा पाठ झाला आहे. नाव लिहिलं नाही. म्हटलं, "एका बाईनं तिच्या मैत्रिणीला हे लिहिलंय. सांगा, या बाईला काय झालंय?"

माझ्या सहावीतले दहा हात वर. "बाई, काही नाही झालं! उताऱ्यात लिहिलंय, काळजीचं काही नाही!" सगळे खूश. मी शिकवलेले.

महादेवीनं हात वर केला नव्हता. ती ओठ हलवत परत परत वाचत होती. मग म्हणाली, "न्हाय बाई. ती लई आजारी हाय."

"कशावरून?"

"'असं घरी सांगितलंय' म्हनती की ती. खरंच बरी असती तर काळजीचं काय न्हाय एवडंच लिवली असती. घरी असं सांगितलंय म्हंजे खरं येगळंच हाय. त्ये ती मैत्रिणीला सांगायलीय."

"आणि सोमवारची रजा?"

"दवाखान्यात संगं जायला. एकटीला भ्या वाटतंय तिला."

मी खडूनं शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. म्हटलं, "पण नाही जमलं तरी चालेल, असं लिहिलंय ना तिनं?"

सगळी पाचवी हसली. मला हसली, शमीम. महादेवी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "तसं म्हनत्यात, बाई. माजी अव्वा बी म्हनती, मला भूक न्हाय, तुमी खावा. तवाच तिला भूक असती."

दहा वर्षांची पोर. घरी मराठीचा शब्द नाही. चार मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाली. आणि मागं आहेत म्हणे तुझी पोरं! त्यांना हे तू शिकवलंस, या खोलीच्या शेजारच्या खोलीत, आणि मी दारातून जाता-येता हसत होते. मला रडू आवरेना, आणि त्यात, खोटं नाही सांगत, तुझा अभिमानही वाटत होता. शाब्बास म्हणायचं राहूनच गेलं.

महादेवी अजून उभीच होती. फळ्याकडे बघत तिनं विचारलं, "मग ती मैत्रीण गेली का, बाई, संगं?"

मी फळा पुसला. म्हटलं, पाणी पिऊन या सगळे.

पोरं बाहेर गेली तेव्हा मी तुझा मेसेज तबस्सुमला पाठवला. खाली माझं उत्तरही पाठवलं, त्या हसऱ्या चेहऱ्यासकट. त्याखाली लिहिलं, "तबस्सुम, अम्मी मला बोलली होती. मी तुझ्याशी तीनदा खोटं बोलले." पाठवल्यावर फोन हातात धरून पोरांच्या बाकावर बसले. शिव्या दे, रडून घे, परत तोंड दाखवू नका म्हण, काहीही म्हण, असं वाटत होतं. पाणी पिऊन पोरं आली, मला बघून आपली आपली बसली.

मग तिचा फोन आला. मी व्हरांड्यात गेले. आवाज शांत होता तिचा, तुझ्यासारखा.

"खाला, सोमवारकू अम्मी सुबे सेच तयार होके बैठे थे. बुरखा पैन के, पर्स गोद में ले के. मैं पूछी, कहाँ जाते? तो बोले, सुनंदा के साथ जाने का था, पर उसकू रजा नै मिली. फिर बाद में जाती बोले, और बुरखा निकाल के रख दिए."

रजा मिळाली नाही. माझ्या मेसेजात असं कुठं होतं, शमीम? केंद्रप्रमुख येणारेत, एवढंच होतं. तुझ्यासारखी वाचणारी हे चुकेल? का तुला बरोबर कळलं होतं, आणि तुझ्या लेकीपुढं तू माझी लाज राखलीस? तीन प्रश्न होते तुझे. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय बोलायचं टाळतंय. मी ते व्हरांड्यात उभी राहून लावून पाहिले, आणि उत्तर तेच आलं, लाज राखलीस.

"खाला," तबस्सुम म्हणाली, "तुमकू सच में रजा नै मिली थी ना?"

वर्गात कुणीतरी आपणहून उतारा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. तूच सांगून ठेवलं होतंस, मला फक्त उतरवून घ्यायचं होतं.

"मी मागितलीच नव्हती, बाळा," मी म्हणाले. "अर्जच दिला नव्हता."

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.